तुम्ही विचारलंत म्हणून: दारू सोडून अकरा वर्षं झाली, अजून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगला कशाला?

हे व्याही विचारतात, ऑफिसातले विचारतात, परवा सोसायटीच्या वॉचमननंही विचारलं. "सवय झालीय," म्हणून मी सुटतो. खरं उत्तर जरा लांबतं.

पीत होतो तेव्हा मी सोडून सगळे चुकत होते. साहेब खडूस, बायको संशयी, भाऊ मतलबी. सोडल्यावर पहिल्या वर्षी तर न पिण्याचाच माज चढला. आमच्यात याला 'ड्राय ड्रंक' म्हणतात: दारू सुटली, स्वभाव तोच. संध्याकाळी दार उघडताना ही हळूच वास घेते, हे लक्षात आलं की मी पेटायचो. एकदा ताट भिरकावलं. पूर्ण शुद्धीत.

मीटिंगला ते सांगून टाकलं. कोणी सल्ला दिला नाही, तिथे तशी पद्धतच नाही. नंतर कप विसळताना एक जुने काका म्हणाले, "चौदा वर्षं तिनं तुझा वास सोसला. तू तिला चौदा महिने तरी घेऊ देशील की नाही?"

शेवटी आम्ही उभं राहून प्रार्थना म्हणतो. बदलता येत नाही ते स्वीकारायला शांती दे, येतं ते बदलायला धैर्य दे, आणि यातला फरक कळायला अक्कल दे. तोवर माझी नुसती पोपटपंची चालली होती. तिचा संशय माझ्या हातात नाही, वेळेवर घरी येणं आहे, एवढा साधा हिशेब त्या रात्री लागला. तेव्हापासून दारात मीच क्षणभर थांबतो. हल्ली ती कधीकधी वास घ्यायचं विसरते. मी थांबतोच.

आणि मीटिंग? १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात न्यूयॉर्कचा एक धंदेवाला हॉटेलच्या लॉबीत उभा होता. सौदा फिसकटलेला, शेजारी बार गजबजलेला. पिणं सोडून जेमतेम काही महिने झालेले. त्यानं फोन फिरवले ते बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळावा म्हणून, स्वतः वाचावं म्हणून. भेटला एक सर्जन. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं ते असं. लोकांना वाटतं मी समाजसेवेला जातो. छे, मी त्या फोनवाल्यासारखाच जातो.

येत्या मंगळवारी चहाची पाळी माझी आहे. नवा कोणी आला तर त्याचा कप अर्धाच भरायचा. हात थरथरतात. पहिल्या दिवशी मी अख्खा कप काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला होता.