एखादं पान वाचून तं दाखवा

"पुस्तक घ्या म्हणता, तं एखादं पान वाचून तं दाखवा ना भाऊ," कापूस वेचून परतलेल्या काकू आज दर्यापूरजवळच्या गावातील ग्रंथालयात म्हणाल्या आणि मी माझ्या नव्या कादंबरीची माहितीपत्रके बाजूला ठेवून तिच्यातले एक पान वाचू लागलो.

जावांच्या भांडणाचा प्रसंग त्यांनी एकाग्रतेने ऐकला. मात्र त्यानंतरचे, मला विशेष प्रिय असलेले उन्हाचे लांबलचक वर्णन सुरू होताच त्या दाराबाहेर पाहू लागल्या.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते. पुस्तकाच्या प्रचारासाठी मला समाजमाध्यमांपेक्षा खेड्यातील अशी ग्रंथालये मोलाची वाटतात, कारण ऐकणाऱ्याचे मन नेमके कुठे सुटते, हे तिथे लेखकाला समोर दिसते. पुढील कादंबरीचा खर्डा मी छपाईपूर्वीच तिथे वाचणार आहे.

तुमच्या गावचे ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का?