तिसऱ्या घाण्याची नोंद: आधी यीस्ट, मग कृती

काल गोव्यातल्या फोंड्याच्या घरी, घरीच केलेल्या बिअरच्या तिसऱ्या घाण्याच्या बाटल्या भरून झाल्या. (बॅचला मी घाणाच म्हणतो.) आधीच्या दोन घाण्यांत जे बिघडले त्याचे मूळ हाताच्या चुकीपेक्षा कृतीच्या निवडीत होते, असे वही चाळताना लक्षात आले, म्हणून या वेळी निवडीबद्दलच लिहितो.

पहिला घाणा मे महिन्यातला. साध्या पेल एलची (फिक्या रंगाच्या बिअरची) कृती घेतली होती आणि तिचे यीस्ट (साखरेची दारू करणारे सूक्ष्मजीव) १८ ते २२ अंशांत चांगले काम करणारे होते. आमच्या खोलीत मात्र पारा ३१ वर होता, आणि किण्वन (आंबण्याची क्रिया) जोरात असताना वर्ट, म्हणजे धान्याचा गोड अर्क, स्वतःच्या उष्णतेने खोलीपेक्षा दोन-तीन अंश अधिक तापतो, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. परिणामी बिअरला नेलपॉलिशसारखा वास आला आणि घोट घशाला जाळत उतरला. पिंपाला ओला टॉवेल गुंडाळण्याचा उपाय कोरड्या हवेच्या गावी चालत असेल. आमच्याकडे दोरीवरचे कपडेच वाळत नाहीत, तेथे टॉवेलमुळे पिंप कितीसे गार होणार?

म्हणून गोव्यात नवख्याने, निदान ज्याच्याकडे पिंपासाठी वेगळा फ्रीज नाही त्याने, आपल्याला कोणती बिअर आवडते यापेक्षा खोलीचे तापमान काय आहे हे आधी पाहावे. लागर (थंडीत आंबवायची बिअर) १० ते १३ अंश मागते, तेव्हा तिचा विचार तूर्त सोडावा. उकाडा मानवणारी दोन यीस्ट हाताशी आहेत: बेल्जियमच्या वालोनिया भागातील सेझों या शेतघरच्या बिअरचे, आणि नॉर्वेचे क्वाइक, ज्याचे काही वाण ३५ अंशांच्या पुढेही नीट काम करतात. मी सेझों निवडले.

कृती मुद्दाम आखूड ठेवली आहे. दहा लिटरसाठी १.६ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि ६०० ग्रॅम गव्हाचे माल्ट मलमलीच्या पिशवीत घालून १५ लिटर पाण्यात ६६ अंशांवर तासभर ठेवले. पिशवी निथळून काढल्यावर वर्ट तासभर उकळला आणि उकळी फुटताच २० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घातले. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०४६ भरली. पाणी विहिरीचे घेतले, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास येऊ शकतो.

आयपीए (हॉप्सवर भर असलेली बिअर) का नको, असे एका मित्राने विचारले. तिची सारी मदार हॉप्सच्या ताज्या सुगंधावर असते, आणि उष्णतेत व हवेच्या संपर्कात तोच सर्वांत आधी विरतो. स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर) चुका झाकतो म्हणून नवख्यांना सुचवला जातो. पण झाकलेल्या चुकीतून शिकणार काय? शिवाय चार-पाच माल्ट एकत्र आले की बिघाड नेमका कशाने झाला ते कळत नाही. कोकम आणि माडाचा गूळ घालण्याचा मोह मलाही झाला होता, तो चौथ्या घाण्यापर्यंत आवरला आहे.

शेजारचे काका म्हणाले, “काजूच्या रसात आम्ही कुठे यीस्ट घालतो? तो आपोआप येतो.” ते खरेच आहे. मात्र तो रस पुढे भट्टीवर चढतो आणि त्याचा हुर्राक (काजूची दारू) होतो. बिअर ऊर्ध्वपातित होत नाही, त्यामुळे बाहेरच्या जंतूंनी आणलेला आंबटपणा तिच्यात तसाच राहतो. भांडी निर्जंतुक करण्यात म्हणूनच सूट घेता येत नाही.

सेझोंचा एक धोका मात्र दुसऱ्या घाण्याने शिकवला. त्याची अनेक यीस्ट इतरांनी सोडून दिलेली डेक्स्ट्रिनेही (साखरेच्या लांब साखळ्या) फोडून खातात, आणि किण्वन संपल्यासारखे वाटले तरी ते संथपणे चालूच असते, म्हणून बंद बाटलीत वायू साठत जातो. आठव्या दिवशी १.०१० हे माप पाहून मी घाईने बाटल्या भरल्या. पंधरवड्याने पहिली उघडली तेव्हा कारंजे थेट छताला लागले. बाकीच्या तातडीने फ्रीजमध्ये ठेवल्या आणि हातमोजे घालून एकेक उघडल्या. या वेळी तीन दिवस सलग १.००४ हेच माप आल्यावर, एकविसाव्या दिवशी, फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर घालून जाड काचेच्या बाटल्या भरल्या. मद्यांश सुमारे साडेपाच टक्के आहे. भरताना चाखलेल्या घोटात मिऱ्याची हलकी झाक होती आणि घसा जळला नाही. पहिली बाटली दोन आठवड्यांनी उघडेन. तोवर हीच कृती, फक्त यीस्ट बदलून क्वाइकवर, पुन्हा लावणार आहे.