बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुनी गाडी सुरू झाली नाही की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो, "बॅटरी गेलीय बघा तुमची." टपरीवर विचारा, सोसायटीच्या वॉचमनला विचारा, सगळे हेच सांगतात. माणूस बिचारा साडेतीन-चार हजार मोजून नवी बॅटरी बसवतो. काही दिवस गाडी बरी चालते आणि मग एका दुपारी पुन्हा नुसतं 'टक' करून गप्प बसते. मला याचा मनापासून राग येतो. साधा डिजिटल मल्टीमीटर आणि चावी फिरवायला घरातलं एक माणूस, एवढ्यावर दोष बॅटरीत आहे की दुसरीकडे, हे बहुतेक वेळा कळतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लूमची मोटर बंद पडली की आम्ही लगेच मोटर उतरवत नाही. आधी तिन्ही फेज येतात का ते बघायचं, मग स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, मग केबलच्या थिंबल, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या. मोटरीला हात सगळ्यात शेवटी. गाडीचा सेल्फ, म्हणजे चावी फिरवताच इंजिन फिरवून सुरू करणारा भाग, हीसुद्धा मोटरच आहे, फक्त १२ व्होल्टवर चालणारी आणि शंभरावर अँपिअर ओढणारी. एवढा करंट वाहत असताना जोडात एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला, तरी एक-दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. हेडलाइटला तो अडथळा जाणवतही नाही, कारण त्याचा करंट फार कमी असतो. म्हणून "लाइट तर फुल्ल लागतोय की" यावरून सेल्फपर्यंतची वाट साफ आहे असं म्हणता येत नाही.

माझी गाडी २००३ ची मारुती ८००, एमएच १३ पासिंग, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एमपीएफआय इंजिन, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं. जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाकडून घेतली. बॉडी चांगली, इंजिनचा आवाज चांगला, आणि बॅटरी कोरी करकरीत. जुन्या गाडीत नवी बॅटरी दिसली की विकणाऱ्याला ती कशासाठी बदलली हे विचारावं. मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "दुपारी कधीकधी सेल्फ उचलत नाही, म्हणून बदलली. तरी अधूनमधून होतंय." खरं बोलणारा विक्रेता भेटला, म्हणून मी गाडी घेतली.

दोष शोधायची सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं आणि त्याच वेळी केबिनमधल्या दिव्याचं काय होतं, या दोन गोष्टींत अर्धं निदान असतं. दिवा झगझगीत आणि सेल्फकडून काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या स्विचपर्यंत, हुकूमच पोचत नाही. इग्निशन स्विच, फ्यूज किंवा सोलेनॉइडवरची बारीक वायर तपासा. दिवा एकदम मंद होऊन एकच 'टक' आला, तर करंट ओढला जातोय पण पुरत नाही, किंवा सेल्फ जाम आहे. सेल्फ गरगर फिरतोय आणि इंजिन जागचं हलत नाही, तर सेल्फचा दात इंजिनात अडकवणारा बेंडिक्स खराब. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा विषय तिथे संपला. मग पेट्रोल आणि स्पार्ककडे जा. एमपीएफआय गाडीत चावी ऑन केली की मागून फ्युएल पंपाची दोन-तीन सेकंद बारीक घरघर येते, ती येतेय का ते ऐका.

'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला, तर त्यामागची गोष्ट मला फार आवडते. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढून घेणारी आणि एक धरून ठेवणारी. आतला प्लंजर, म्हणजे सरकणारा लोखंडी दांडा, ओढला गेला की जाड कॉन्टॅक्ट जुळतात, सेल्फला करंट मिळतो आणि ओढणारी गुंडाळी त्याच क्षणी बाजूला पडते. पण बॅटरी अशक्त असेल किंवा जोड खराब असेल, तर सेल्फने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं आणि धरणाऱ्या गुंडाळीला पकड ठेवता येत नाही. प्लंजर सुटतो, सेल्फ बंद, व्होल्टेज परत वर, पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं.

आता मीटर. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन खांबांवर १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी, आधी चार्ज करा आणि मगच पुढची तपासणी. गाडी नुकतीच चालवून आला असाल तर हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, नाहीतर वरवरचा चार्ज तुम्हाला फसवतो. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान राहावा. १३ च्या आसपास अडकला तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, पट्टा, कार्बन नाहीतर डायोड. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय.

माझ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.५ दाखवायची आणि सेल्फही एका दमात लागायचा. म्हणून मुद्दाम मे महिन्यातल्या एका दुपारी अक्कलकोटला जाऊन आलो, गाडी अंगणात उभी केली आणि थोडा वेळ बॉनेट बंदच ठेवलं. मग मुलीला चावीवर बसवलं आणि गाडी सुरू होऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढला.

"पप्पा, मारू का?"

"मार. न्यूट्रल आहे ना बघ आधी."

सेल्फ कण्हत फिरला. बॅटरीच्या खांबांवर ११.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरीचं काम चोख. सेल्फच्या जाड टर्मिनलवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावला, तर फक्त ८.८. मधले २.४ व्होल्ट कुठेतरी खाल्ले जात होते. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबाच्या शिशावर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर. सेल्फ मारताना ०.३ आले, ते चालण्यासारखं. शेवटी एक पिन मायनस खांबावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. २.१ व्होल्ट! अर्थच्या, म्हणजे मायनस खांबापासून इंजिनाच्या लोखंडापर्यंतच्या, अख्ख्या वाटेवर हा आकडा पाव व्होल्टच्या आत हवा.

चोर तिथेच होता. कधीतरी कुणीतरी इंजिनची जागा छान दिसावी म्हणून रंगवली होती आणि अर्थच्या पट्टीचं थिंबल रंगावरच कसलं होतं. पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. सकाळी थंड असताना उरलेल्या तारा कसंबसं निभावून नेत. पण तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. बॉनेटखाली पन्नासेक अंश वाढले की तो पाचव्या हिश्शाने जास्त होतो. गरम सोलेनॉइडचीही ओढ कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, मग काठावरचा जोड दुपारी दगा देणारच.

पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवीन जाड पट्टी टाकली, बोल्ट कसला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर भर दुपारी अर्थवर ०.१५ आणि सेल्फवर १०.३. बॅटरीच्या खांबांवर मात्र आकडा ११.२ वरून १०.७ वर उतरला. हा उतार पाहून घाबरू नका. वाट मोकळी झाली म्हणून सेल्फला हवा तेवढा करंट मिळायला लागला, त्याचीच ती खूण आहे.

एका गोष्टीबद्दल मला हात जोडून सांगायचंय. 'डायनामो चालतो का' हे बघायला चालू गाडीत बॅटरीची टर्मिनल काढायची पद्धत अजूनही आहे. गाडी बंद पडली नाही तर डायनामो ओके म्हणायचं. पूर्वीच्या साध्या गाड्यांत ते खपून गेलं. अल्टरनेटर असलेल्या गाडीत बॅटरी अचानक बाजूला झाली की व्होल्टेजची उसळी येते आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. ईसीएमची किंमत विचारून पाहा, मग कुणालाही हे करू देणार नाही. धक्का मारण्याचंही तसंच. बॅटरी पार मेलेली असेल तर एमपीएफआय गाडी कितीही ढकला, पंप, इंजेक्टर आणि ईसीएम यांना करंट नसला की ती पकडत नाही, आणि ढकलणाऱ्यांचे हाल होतात.

दुसरा प्रकार गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरण्याचा. आमच्या शेजारच्या काकांची व्हॅन दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी मेलेली. त्यांनाही नवी बॅटरी घ्यायला सांगितलं गेलं होतं. म्हटलं, "काका, एक संध्याकाळ द्या मला." सगळं बंद करून, दारं लावून, मायनसची केबल काढली आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावला. असा मीटर लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. उभ्या गाडीत पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालतं. इथे ०.४ अँपिअर. चोवीस तासांत साडेनऊ अँपिअर-अवर, दोन दिवसांत एकोणीस, आणि बॅटरी पस्तीसची! एकेक फ्यूज काढत गेलो, टेपचा फ्यूज काढताच आकडा खाली आला. नंतर बसवलेल्या कार स्टिरिओला सहसा दोन प्लस असतात, पिवळी वायर कायम चालू आणि लाल वायर चावीवर. कुणीतरी दोन्ही एकत्र पिळून चिकटपट्टी मारली होती, त्यामुळे स्टिरिओ आतून कधी बंदच होत नव्हता. लाल वायर चावीच्या फ्यूजवर घेतली आणि काकांचे बॅटरीचे पैसे वाचले.

फ्यूजमधून काही सापडलं नाही तर अल्टरनेटरला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला, तर त्याचा डायोड उलटा करंट सोडतोय.

आणि कधीकधी सेल्फच खराब असतो, हेही खरं. सेल्फवर दहाच्या वर व्होल्ट पोचत असताना तो फिरत नसेल, तर कार्बन झिजलेत, बुश गेलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. ते काम माझं नाही, त्यासाठी चांगला वायरमन गाठावा. जाताना हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून न्या: उभ्या बॅटरीचा, सेल्फ मारतानाचा, सेल्फच्या टर्मिनलवरचा आणि अर्थचा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीच्या वेळी होटगी रोडवरच्या वायरमन मामांनी चिठ्ठी वाचली, बॅटरीकडे बघितलंही नाही आणि थेट सेल्फ उतरवायला पाना काढला.