चार्जर नाही तिथे जाणारी इलेक्ट्रिक गाडी

डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला जात राहिलं की युटा राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं लहानसं गाव लागतं. तिथून पुढे सलायना येईपर्यंत शंभराहून जास्त मैल, म्हणजे एकशे साठ किलोमीटरच्या वर, ना पेट्रोल पंप, ना खायची सोय, ना वस्ती. हा चांगला चौपदरी महामार्ग आहे बरं का. तो सोडून कच्च्या वाटेला लागलं की काय असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

अमेरिकेच्या या पश्चिम भागात सरकारी मालकीची मोकळी जमीन अफाट आहे. एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे जवळपास २४.५ कोटी एकर. त्यातल्या बऱ्याच वाटांवर कुणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतं आणि तंबू ठोकून राहू शकतं. इकडे आल्यावर मला जे वेड लागलं ते हेच. शनिवार-रविवार आला की चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यायची, डांबर संपलं की थांबून टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरून वाळूवर आणि खडकावर पकड धरतो, आणि मग तासाला दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने दिवसभर आत आत जात राहायचं. फोनला रेंज नसते. पाणी, जेवण, इंधन, पंक्चरचं सामान सगळं आपलं आपण न्यायचं.

या छंदात इलेक्ट्रिक गाडी उतरली तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. मला मात्र ती पहिल्यांदाच पटली. कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमध्ये व्हाइट रिम नावाचा शंभर मैलांचा कच्चा रस्ता आहे. १९५० च्या दशकात युरेनियम शोधायला माणसं या खडकांत शिरली, तेव्हा त्यातला बराचसा भाग पाडला गेला. आता पार्कची परवानगी काढून लोक दोन-तीन दिवसांत तो पूर्ण करतात. मित्राच्या इलेक्ट्रिक पिकअपमधून आम्ही तो केला. त्यात मर्फी हॉगबॅक म्हणून एक टेकाड लागतं. वाट एका गाडीपुरती, एका बाजूला कडा, आणि चढ असा की बॉनेटच्या पुढे फक्त आकाश दिसतं. पेट्रोल गाडीत इथे लो गिअर टाकून इंजिन गुरगुरत ठेवावं लागतं. जोर मिळायला इंजिन फिरतं ठेवावंच लागतं, आणि ते फिरतं ठेवलं की चाक एकदम उसळतं. मोटरचं तसं नाही. चाक थांबलेलं असतानाच तिचा पूर्ण जोर हाताशी असतो. मित्राने पेडलवर पाय अगदी किंचित दाबला, पुढचं चाक दगडाच्या पायरीला टेकलं, क्षणभर तिथेच दबून राहिलं आणि सावकाश वर चढलं. कुठे घसरणं नाही, हिसका नाही. खिडकी उघडी होती आणि टायरखाली बारीक खडी करकरत होती, तेवढाच आवाज. उतरतानाही ब्रेकवर पाय ठेवायला लागला नाही. पेडल सोडलं की मोटर गाडी धरून ठेवते आणि वर थोडी वीज बॅटरीत परत जमा करते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: खडकावर चालायला इलेक्ट्रिक मोटरहून चांगलं यंत्र नाही. प्रश्न चालण्याचा नाहीच, मुक्कामाहून परतण्याचा आहे.

त्याच पार्कचा दुसरा भाग म्हणजे मेझ. राज्य महामार्ग २४ सोडला की ४६ मैल कच्च्या रस्त्याने हान्स फ्लॅटची चौकी येते, आणि खरी दऱ्याखोरी तिथून पुढे आणखी तीन ते सहा तासांवर. पेट्रोलची गाडी असेल तरी जादा इंधन बरोबर ठेवा, असं पार्कवालेच सांगतात. आम्ही तिथे जीपने गेलो होतो. तिसऱ्या दिवशी काटा खाली आला तेव्हा मागच्या दाराला अडकवलेला वीस लिटरचा कॅन काढला, नळी लावली आणि टाकीत ओतला. पाच मिनिटांचं काम. हातांना पेट्रोलचा वास, बाकी चिंता मिटली.

आता त्या कॅनचा हिशेब बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. वीस लिटर पेट्रोलचं वजन साधारण पंधरा किलो. त्यात ऊर्जा असते पावणेदोनशे किलोवॅट-तासांच्या, म्हणजे युनिटच्या, आसपास. लहान इंजिनाने जनरेटर फिरवला तर त्यातली दोन तृतीयांश उष्णता होऊन जाते, तरी पन्नासेक युनिट वीज हाती लागते. तेवढी वीज साठवायला बॅटरी घ्यायची म्हटली तर तीनशे किलोच्या घरात जाते. पंधरा किलोचा कॅन मी एका हाताने उचलतो. तीनशे किलोची बॅटरी कोण उचलणार, आणि वाटेत ती भरणार कुठे?

म्हणून रेंज एक्स्टेंडर. गाडी पूर्ण इलेक्ट्रिकच. चाकं फिरवतात फक्त मोटर. मोठी बॅटरी घरी चार्ज करायची. शिवाय एक पेट्रोल इंजिन, जे चाकांना कुठेच जोडलेलं नाही; ते फक्त जनरेटर फिरवतं आणि बॅटरीला वीज पुरवतं. फोनवर बाबांना हे सांगत होतो तर ते म्हणाले, "अरे, मग ही पेट्रोलचीच गाडी झाली की! दोन-दोन यंत्रं कशाला वागवायची?" बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना मी रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं उदाहरण दिलं. तिथेही डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, जनरेटर फिरवतं, आणि चाकं ओढतात विजेच्या मोटर. फरक एवढाच, की इथे मध्ये मोठी बॅटरी आहे, त्यामुळे रोजच्या ऑफिस-बाजाराच्या फेऱ्यांत इंजिन सुरूच होऊ नये. रोजचं चालणं विजेवर आणि वर्षातून काही वेळा मेझसारखी वाट पेट्रोलच्या आधाराने, हा सौदा मला मनापासून पटतो.

पण जनरेटर किती ताकदीचा, हे विचारल्याशिवाय कुणी गाडी घेऊ नये. बीएमडब्ल्यूच्या आय-३ चा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. त्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन रेंज एक्स्टेंडर म्हणून मिळायचं, मूळ बीएमडब्ल्यूच्याच स्कूटरमधलं. कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा नियम असा, की पेट्रोलवर मिळणारं अंतर बॅटरीवरच्या अंतरापेक्षा जास्त असता कामा नये आणि बॅटरी जवळजवळ संपल्यावरच इंजिन सुरू व्हावं. त्यासाठी अमेरिकेतल्या गाड्यांत टाकीही सॉफ्टवेअरने पूर्ण वापरू दिली जात नव्हती. परिणाम काय, तर लांब चढ लागला की शिल्लक बॅटरी संपायची, छोट्या इंजिनाची वीज कमी पडायची आणि महामार्गावर गाडी मंदावायची. युरोपात विकलेल्या त्याच गाडीत चालकाला इंजिन आधीच सुरू करून चार्ज राखून ठेवता यायचा. दोष यंत्रात कमी आणि नियमात जास्त होता, असं मला वाटतं.

आमच्याकडे तर डोंगरच डोंगर. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, आणि तासाभराच्या अंतरावरचा आयझनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर. तीन टनांचा ट्रक आणि मागे तीन टनांचा ट्रेलर, असे सहा टन तेवढे वर उचलायला नुसतीच २९ युनिट वीज लागते. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वेगळा. सहा टक्क्यांच्या चढावर तासाला शंभर किलोमीटर वेग राखायचा तर एकट्या चढाईला शंभर किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. जनरेटर पन्नास किलोवॅटचा असेल तर उरलेली ताकद बॅटरीतून जाणार, आणि बॅटरी आधीच रिकामी करून पायथ्याशी आलात तर ट्रकच्या मागे रांग लागणार. म्हणून चढ यायच्या आधी चार्ज राखून ठेवायचं बटण हवंच.

या हिशेबात रॅम या अमेरिकी कंपनीचा ट्रक मला सगळ्यात विचारपूर्वक आखलेला वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रॅमचार्जर नावाने जाहीर झाला: ९२ युनिटची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन, १३० किलोवॅटचा जनरेटर. कंपनीचा दावा बॅटरीवर १४५ मैल आणि सगळं मिळून ६९० मैलांचा, आणि ओढायची क्षमता १४,००० पौंड, म्हणजे सहा टनांहून जास्त. पण बाजारात यायची तारीख पुढे पुढे जात राहिली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने केवळ बॅटरीवर चालणारा आपला मोठा ट्रक रद्द केला आणि त्याचं आरईव्ही हे नाव याच गाडीला दिलं. फोर्डनेही डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की एफ-१५० लाइटनिंग या आपल्या इलेक्ट्रिक पिकअपचा पुढचा अवतार रेंज एक्स्टेंडरवाला असेल. चीनमध्ये मात्र ली ऑटो ही कंपनी २०१९ पासून अशा एसयूव्ही विकते आहे.

माझं लक्ष आहे ते स्काउटवर. साठ-सत्तरच्या दशकांत इंटरनॅशनल हार्वेस्टर ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी स्काउट नावाची दणकट गाडी बनवायची. ते नाव फोक्सवॅगनच्या हाती आलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कंपनीने ट्रॅव्हलर ही एसयूव्ही आणि टेरा हा पिकअप दाखवला. कारखाना साउथ कॅरोलायनातल्या ब्लाइथवुडला. ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मागे अखंड अ‍ॅक्सल, पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक होणारे, म्हणजे एक चाक हवेत फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो; आमच्या वाटांसाठीच बनवल्यासारखी. केवळ बॅटरीवर ३५० मैल, आणि हार्वेस्टर नावाचा रेंज एक्स्टेंडर घेतला तर ५०० मैल, असं कंपनी म्हणते. बुकिंग करणाऱ्यांतल्या बहुसंख्य लोकांनी एक्स्टेंडरच मागितला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. पुढचा चार्जर चालू असेल का, या धास्तीत वाळवंटात रात्र काढलेला माणूस दुसरं काही मागणार नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी कधीच झटकून टाकत नाही. लोक गाडी चार्जच करत नाहीत. युरोपियन कमिशनने रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांमधल्या नोंदी तपासून २०२४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज करता येणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांचं, प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. टाकीत पेट्रोल आहे म्हटल्यावर वायर लावायचा कंटाळा येतो. अशी गाडी कंटाळ्याने पेट्रोलवरच पळवली, तर बॅटरीचं सगळं वजन उगाच फिरवलं आणि हवाही खराब केली. रेंज एक्स्टेंडरची बॅटरी बरीच मोठी असते, म्हणून इथे चित्र बरं असेल अशी माझी आशा आहे. पण सवय मालकालाच लावावी लागते.

देखभालही दुहेरी आहे, हे बाबांचं म्हणणं खरंच. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचा, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल खराब होतं ते वेगळं. शेव्हरोलेच्या व्होल्ट गाडीत यासाठी चांगली सोय होती: फार दिवस इंजिन चाललं नाही तर गाडी ते आपणहून सुरू करायची आणि जुनं पेट्रोल जाळून टाकायची. नव्या ट्रकांत हे असलंच पाहिजे.

इलेक्ट्रिक गाडीवरची अमेरिकी केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरची सवलतही ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, तेव्हा गाडी पूर्ण किमतीलाच घ्यावी लागणार. तरी शंभर डॉलर भरून ट्रॅव्हलर नोंदवून ठेवली आहे, एक्स्टेंडरसकट. जनरेटर किती किलोवॅटचा आणि चार्ज राखायचं बटण आहे की नाही, हे बघितल्यावरच बाकीचे पैसे भरीन. गॅरेजमध्ये २४० व्होल्टचं सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियनला मात्र आत्ताच बोलावलं आहे; तोवर मित्राचा पिकअप आमच्याकडे येऊन चार्ज होईल.