काकाचं घुमट

आमच्या घरात चार पिढ्या तबला आहे, पण पूर्णवेळ त्यावरच जगला तो फक्त काका. बाबांनी बँकेतली नोकरी धरली (आजीचा हट्ट, दुसरं काय). काका मात्र गोव्यात फोंड्याच्या आसपासच्या जत्रा, भजनं, संगीत नाटकं, मिळेल ते वाजवत राहिला, नाटक संपेपर्यंत पहाट व्हायची आणि हातात कधी पाकीट नि नारळ, कधी नुसताच नारळ. त्याच्या खोलीत फोटो एकच, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचा, गोव्याचे थोर तबलावादक. दोन हातांनी दोन वेगळे ताल धरायचे म्हणे! मी करून बघितलं, दोन्ही हात लगेच एकाच तालावर येऊन बसतात.

चतुर्थीला काका घुमट घेतो, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीच्या मडक्याचं वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी, म्हणून बकरीचं. काकाला तो आवाज पटत नाही, घोरपडीला पटत असावा. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं म्हणून आरतीआधी तो घुमट चुलीसमोर फिरवत बसतो, मधेच टिचकी मारून कान लावतो, "अजून नाय रे." हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या थंड होतात. यंदा डॉक्टरांनी मनगटाला आराम सांगितलाय, तरी परवा विचारत होता, बकरीचं चामडं आणलंस का?