मे महिन्यातली रात्र आणि तापलेला आरसा

परभणीकडे मे महिन्यात पारा 42 ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दिवसभर तापलेला दुर्बिणीचा 10 इंची आरसा रात्री 9ला गच्चीवर नेला की गुरू ग्रहाचे पट्टे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे हलतात. आरसा हवेपेक्षा गरम असला की त्याच्या तोंडावरून ऊन हवेचे लोट उठतात, आणि प्रकाश त्यांतून दोनदा जातो, येताना आणि परतताना.

पायरेक्सचा, म्हणजे उष्णतेने कमी फुगणाऱ्या काचेचा, आरसा घेतला की काम झालं, असं बरेच जण समजतात. पायरेक्स आकार बराचसा टिकवतं, पण तापलेलं असेल तर हवा तेवढीच ढवळतं. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींचे 8.2 मीटरचे आरसे झेरोड्यूर या काच-सिरॅमिकचे, प्रसरण जवळपास शून्य. तरी घुमट दिवसा थंड ठेवावाच लागतो. ॲरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपचे 8.4 मीटरचे आरसे आतून पोळ्यासारखे पोकळ असतात, वरची काच जेमतेम 28 मिमी, आणि पोकळ्यांत हवा खेळवतात. आपला 10 इंची आरसा त्याहून जाड, 35-40 मिमी!

म्हणून पंखा हवाच. वारा नसेल तर 12 अंशांचा फरक 1 अंशावर यायला तीन-साडेतीन तास जातात, मागून पंखा असला तर साधारण सव्वा तास. कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा 120 मिमी पंखा आरशाकडे फुंकेल असा, चार रबरबँडवर टांगा. स्क्रूने आवळलात तर थरथर चित्रात उतरते. 7 एएचची बॅटरी रात्र सहज काढते, लाइट गेली तरी. एक सेन्सर आरशाच्या पाठीला चिकटवा, दुसरा हवेत सोडा, म्हणजे अंदाजाचं काम उरत नाही.

दिवसा दुर्बीण तळमजल्यावरच्या गार खोलीत ठेवा, पण कूलरपुढे नको. ओलाव्याने ॲल्युमिनियमचा थर खराब होतो. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो, तेव्हा सूर्यास्तालाच गच्चीवर सडा मारा. शेतातली मोकळी माती मिळाली तर सर्वांत उत्तम.

हिवाळ्यात उलटं होतं: नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या दुय्यम आरशावर दव धरतं. त्याच्या पाठीला 680 ओहमचे पाव वॅटचे 6 रेझिस्टर समांतर जोडून 12 व्होल्ट द्या. सव्वा वॅट पुरतो. त्याहून जास्त दिला तर तिथूनच लोट उठायला लागतात.