लाल बावीस

शुक्रवार, रात्री साडेअकरा

'गोल्फ' झाला एकदाचा. खेळून नाही, काढून. अठरावं चित्र.

गोल्फचं मैदान आणि हिरवा रंग औषधालाही नाही. निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल बॉयमध्ये, म्हणजे डोळे टेकवून आत बघायच्या त्या जुन्या गेम-यंत्रात, काळा आणि तीन छटांचा लाल, एवढाच कारभार. हिरवळ लाल, झाडं लाल, झेंडा लाल. अर्धा तास त्यात डोकं घालून बसले आणि मान वर केली, तर समोरची पांढरी भिंत चक्क हिरवट. लाल बघून बघून डोळे शिणले की होतं असं. म्हणजे हिरवळ उगवली खरी, पण टोकियोत, निशिकासाईच्या माझ्या खोलीतल्या भिंतीवर.

एखाद्या जुन्या कन्सोलचे सगळे गेम धरून प्रत्येकाचं एक चित्र काढायचं, हे वेड मी काही शोधून काढलेलं नाही. पण कोणी सुपर फॅमिकॉमसारखा ढीगभर गेमांचा कन्सोल हाती घेतला तर जन्म जायचा. मी मुळात आळशी, म्हणून सगळ्यात छोटी यादी निवडली. व्हर्च्युअल बॉय 21 जुलै 1995 ला जपानात आला आणि त्याच डिसेंबरात त्याचे नवे गेम इथे बंद झाले. जपानात 19, फक्त अमेरिकेत निघालेले 3, एकूण 22. ज्या गुनपेई योकोईंनी गेम बॉय घडवला त्यांचंच हे यंत्र. लालच का, तर लाल एलईडी स्वस्त आणि वीज कमी खाणारे. प्रत्येक डोळ्यासमोर 224 दिव्यांची एकच बारीक ओळ, आणि थरथरणारा आरसा ती ओळ पसरून तिचं चित्र करतो. कान दिला तर ती घरघर ऐकू येते. मला ती आवडते. मांजर मांडीवर बसल्यासारखी वाटते.

माझं यंत्र 'जंक' असा कागद चिकटवलेल्या खोक्यातून आलंय. दुकानदाराने आधीच हात वर केले होते. घरी आणून लावलं तर उजव्या डोळ्यात आडव्या रेषाच रेषा. आतल्या पट्टीच्या केबलचा गोंद सुटतो, या यंत्राचं हे जुनंच दुखणं. ऑफिसातल्या एका मित्राने दोन शनिवार घालवून डाग दिला. तेव्हापासून नीट आहे, फक्त पाय मोडका आहे, म्हणून खाली जपानी-इंग्रजी शब्दकोश.

गंमत अशी की डोकं आत असताना कागद दिसत नाही, आणि कागद दिसतो तेव्हा गेम नसतो. फोनने फोटो काढायला गेलं तर नुसता लाल चिखल येतो. म्हणजे बघायचं, मिटायचं, बाहेर यायचं आणि आठवून काढायचं.

आठवीत एलिमेंटरीला बसले तेव्हा या पेपरचं नाव होतं स्मरणचित्र. आमच्या सरांनी सगळ्या वर्गाकडून एक छत्रीवाली पाठमोरी बाई, एक फुगेवाला आणि एक कुत्रा घोटून घेतला होता. विषय बाजार येवो, बसथांबा येवो की जत्रा, हीच मंडळी तिथे हजर. बाई पाठमोरी, कारण चेहरा काढायची भानगड नको. स्मरण कसलं त्यात, पाठांतर होतं. पासही झालो सगळे.

शनिवार

आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, डोकं कशात खुपसलंयस? नाकावर वळ उठलाय." दाखवलं तिला. "डोळ्यांचं वाटोळं कर तू," एवढं म्हणाली. मग गोल्फचं चित्र दाखवलं. "हे काय, होळी का?"

काळ्या कार्डशीटवर तीन लाल पेन्सिली, एवढंच सामान. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो. इथे सावली आधीच पसरलेली असते, उजेड तेवढा ठेवायचा. पहिले पाच कागद हे न कळल्यामुळे वाया गेले. 'रेड अलार्म' तर तीनदा फाडलं. त्यात सगळं जग नुसत्या रेषांचं, भिंतीपलीकडची भिंतही दिसते. यंत्रात प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र मिळतं म्हणून जवळचं-लांबचं थोडं तरी उमगतं. कागदावर त्याचा बाजेचा सुंभ होतो. शेवटी जवळच्या रेषेला पेन्सिल दाबून, लांबचीला नुसती टेकवून भागवलं.

रविवार, रात्र

उरलेल्या चार कॅसेट, म्हणजे 'व्हर्च्युअल लॅब', 'स्पेस इन्व्हेडर्स', 'गंडाम' आणि 'व्हर्च्युअल बोलिंग', मला परवडणाऱ्या नाहीत. शेवटी शेवटी निघाल्या, थोड्याच निघाल्या, म्हणून किंमत आभाळाला. फुनाबाशीजवळ एक निवृत्त काका आहेत, त्यांच्याकडे सगळ्या 22 आहेत. आज त्यांनी बोलावलं होतं.

थंडगार मुगिचा, म्हणजे जवाचा चहा दिला, हात पुसायला टॉवेल दिला, मग कापडातून एकेक कॅसेट काढली. 'व्हर्च्युअल लॅब'च्या लेबलवर निन्टेन्डोच्या नावातच दोन 'एन' जादा पडलेत. ते बोट ठेवून दाखवताना काका इतके खूश, जणू तो छापखाना त्यांचाच. प्रत्येक कॅसेटला वीस मिनिटं. मी आत, ते बाहेर, आणि मला काय दिसतंय हे त्यांना कळायला मार्ग नाही. तरी विचारत होते, "आता कुठे आलीस?" मी सांगितलं की "हां, हां" म्हणायचे. माझ्या आधी त्यांच्या घरात कोणी त्यात डोकं घातलं होतं का, हे विचारायचं राहिलं.

निशिफुनाबाशीहून तोझाई लाइनची मेट्रो पकडली. वीसेक मिनिटं. वही मांडीवर घेतली. बोलिंगची लांबत जाणारी वाट नीट आठवली. तिच्या टोकाच्या पिना आठवल्या. त्यामागचा अंधारही किती उंच होता ते आठवलं. गंडाममधलं मात्र काही केल्या येईना. हात आपसूक जो रोबो काढत होता तो पोस्टरवरचा, खोक्यावरचा, हजारदा पाहिलेला. मघाशी मी पाहिला तो नव्हे.

घरी येऊन माझं सगळ्यात पहिलं चित्र बाहेर काढून पाहिलं, 'मारिओज टेनिस'. मिशा, टोपी, हसरा चेहरा, हातात रॅकेट. लोकांना सगळ्यात आवडलेलं. मग कॅसेट लावली. त्या गेममध्ये आपला मारिओ जाळीकडे तोंड करून उभा असतो. सबंध सामनाभर मला त्याची पाठ दिसते. रॅकेट फिरवताना क्षणभर कुशीवर होतो तेवढाच. मिशा मी कुठून आणल्या?

म्हणजे आयुष्यात एकदाच पाठमोरं काढायचं होतं, तर तिथे मी चेहरा काढला. सरांना कळलं तर लोळतील हसून.

नवं कार्डशीट घेतलंय. टोपीची मागची कड, गॅलसच्या दोन पट्ट्या. त्या पाठीवर एकमेकींना छेदतात की सरळ जातात, आत्ताच पाहिलं आणि आत्ताच विसरले. परत डोकं घालते.